माया उरली नाही

गुरुवार, रात्री साडेदहा

मास्तरांनी ब्लाउज उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ताई, यात आता माया उरली नाही."

बस, एवढंच. चुकीचं काहीच नव्हतं त्यात. दोन्ही बाजूंची माया, म्हणजे शिवणीत आत सोडलेलं जास्तीचं कापड, आधी दोनदा उसवून झालीय. एकदा बाळंतपणानंतर, एकदा... जाऊ दे. जुन्या टाक्यांची भोकं मलाही दिसत होती. पण दुकानात आणखी दोघी उभ्या होत्या आणि मला उगाच वाटलं, हे ब्लाउजबद्दल चाललेलं नाही.

पैठणी आईची. त्याबद्दल आज लिहीत नाही.

घरी आल्या आल्या टेप काढली. कमर ९१ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ची हद्द सांगतात. पुढे गेलं की साखर आणि बीपी दाराशी येऊन बसतात. पाळी जायच्या दिवसांत इस्ट्रोजेन कमी होतं, आणि आजवर मांड्यांवर गुमान बसलेली चरबी पोटावर मुक्कामाला येते. हे सगळं मला पाठ आहे. पाठ असून कमर हलत नाही.

तसं करायचं काही ठेवलेलं नाही. दीक्षित डाएट केलं, दिवेकर डाएट केलं. म्हणजे दोनच जेवणं, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांत बसवली, आणि मधे दर दोन तासांनीही खाल्लं. दोष त्या दोघांचा नाही.

दिवाळीपासून कृषीनगरच्या ट्रॅकवर रोज तासभर चालतेय. थंडीत कानटोपी घालून. तीन महिन्यांत सव्वा किलो! आज चिडून हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. माझ्या वजनाला तासभराच्या चालण्यात अडीचशेच्या आसपास जातात. म्हणजे महिनाभर चाला, तोंडात जास्तीचं काही घालू नका, तेव्हा कुठे एक किलो. आणि मी दिवसाला चार कप चहा पिते, प्रत्येकात दोन चमचे साखर. चाळीस ग्रॅम. एकशे साठ कॅलरी. अर्ध्याहून जास्त चालणं कपातच बुडालं. संक्रांतीच्या गुळपोळ्या मी या हिशेबात धरलेल्याच नाहीत.

माया उरली नाही. पोळ्या लाटतानाही तेच डोक्यात.

निदान वयाला तरी शिव्या घालता येतील असं वाटलं होतं. चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो, हे जाऊबाईंपासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांना ठाऊक. लेकीने ते पण काढून घेतलं. २०२१ साली 'सायन्स' या शोधपत्रिकेत ६,४०० हून जास्त माणसांच्या मोजण्या आल्यात म्हणे: शरीराच्या आकाराचा हिशेब केला की वीस ते साठ वयात शरीराचा रोजचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. झालं. चाळिशी निर्दोष सुटली, पिंजऱ्यात मी एकटी. घटतात ते स्नायू, तेही वापरले नाहीत तर जास्त. म्हणून आता उठाबशा, आणि दोन्ही हातांत पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. शाळेत चुकवलेल्या शिक्षा एकदम भोगतेय.

रविवारची मिसळ सोडणार नाही, हे इथे लिहून ठेवते. नाशकात राहून मिसळ सोडायची तर मग गोदाकाठी राहायचं तरी कशाला? मटकीत प्रोटीन असतं. तर्रीबद्दल मी बोलत नाही. दुसरा पाव मात्र परवा परत पाठवला. वेटरने दोनदा विचारलं.

आता लिहिताना आठवलं. याच ब्लाउजच्या वेळी आई मास्तरांना म्हणाली होती, "चांगली दोन बोटं माया सोडा." मला केवढा राग आला होता! मी काय वाढणार आहे का? ती काही बोलली नाही, नुसती टेप गुंडाळत राहिली.

मास्तर म्हणाले, काखेखाली जोड देतो, कापड जुळतंय, दिसणार नाही. मी ब्लाउज पिशवीत कोंबून निघून आले होते. उद्या ट्रॅकवरून येताना टाकते. हात वर केल्याशिवाय दिसणार नाही म्हणे. आणि छोटीच्या लग्नात मी अक्षता काय हात खाली ठेवून टाकणार?