ओळी चार हजार, रिव्ह्यू जवळपास दीड वर्ष

लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, नवीन नेटवर्क ड्रायव्हर टाकायचा म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं आधी कार्ड हातात पाहिजे, चिपची डेटाशीट पाहिजे, कंपनीत कुणी ओळखीचं पाहिजे. तसं काहीच नाही. वायरगार्ड बघा, आपण त्याला व्हीपीएन (इंटरनेटवरचा खाजगी बोगदा) म्हणतो पण कर्नलसाठी तो एक नेटवर्क ड्रायव्हरच आहे, मागे केबल नाही की अँटेना नाही, पॅकेट आलं की एन्क्रिप्ट करायचं, यूडीपी या साध्या इंटरनेट प्रोटोकॉलच्या पाकिटात घालायचं आणि पुढे सोडून द्यायचं. कोडसुद्धा इथरनेटवाल्या ड्रायव्हर्सच्या शेजारच्याच फोल्डरात आहे. पहिल्यांदा पॅच (कोडमधला बदल) पाठवणारी मुलं मला विचारतात की रिव्ह्यूमध्ये नक्की बघतात काय, तेव्हा मी त्यांना हीच गोष्ट सांगतो.

वायरगार्ड लिहिणाऱ्या जेसन डोननफेल्डने जुलै 2018 च्या शेवटी पहिली सिरीज, म्हणजे पॅचचा संच, पाठवली. ड्रायव्हर साधारण चार हजार ओळींचा. दोनच दिवसांत खुद्द लिनक्सचा निर्माता लिनस टोरवाल्ड्सने ओपनव्हीपीएन आणि आयपीसेक या जुन्या व्हीपीएनच्या तुलनेत ही कलाकृती आहे असं लिहिलं आणि लवकर मर्ज (मुख्य कोडमध्ये सामील) व्हावं अशी इच्छा पण बोलून दाखवली. आता कुणालाही वाटेल की झालं काम, पण नाही झालं, आणि माझ्या मते ते नाही झालं तेच बरोबर होतं.

अडलं कुठे, तर ड्रायव्हरवर नाहीच, त्याच्यासोबत आलेल्या झिंक नावाच्या क्रिप्टो (एन्क्रिप्शनच्या) लायब्ररीवर. कर्नलचा स्वतःचा क्रिप्टो एपीआय (एन्क्रिप्शन वापरायची ठरलेली पद्धत) होता पण तो हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटर वगैरे सगळ्यांना सामावून घेणारा, त्यामुळे साधं एक बफर एन्क्रिप्ट करायचं तरी बरीच खटपट. झिंकमध्ये सरळ फंक्शन कॉल, किल्ली (की) द्या, बफर द्या, विषय संपला. वापरणाऱ्याला हेच आवडणार ना! पण कर्नलचा क्रिप्टो कोड सांभाळणारे म्हणत होते की एकाच कर्नलमध्ये चाचा२० हा एन्क्रिप्शन अल्गोरिदम दोन ठिकाणी कशाला, उद्या एकात बग निघाला तर दुसऱ्यात कोण बघणार, आणि आधीचा घासूनपुसून वेगवान केलेला कोड काढून नवा का घ्यायचा. त्यात सुरुवातीला अख्खी लायब्ररी एकाच भल्यामोठ्या पॅचमध्ये आली होती, तेवढं एका दमात वाचणार कोण? नंतर ती अल्गोरिदमनुसार तोडली, व्हर्जनवर व्हर्जन आली, तरी मूळ प्रश्न तिथेच.

मला दोन्ही बाजू मनापासून पटतात, म्हणूनच पुढचं महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबर 2019 मध्ये पॅरिसच्या कर्नल रेसिपीज कॉन्फरन्सनंतर डोननफेल्डने ठरवलं की आहे त्या क्रिप्टो एपीआयवरच ड्रायव्हर बसवायचा. आणि क्रिप्टोच्या बाजूने आर्ड बीशुवेलने पॅच लिहिले, आधीपासून असलेले सायफर (एन्क्रिप्शनचे अल्गोरिदम) सरळ फंक्शन कॉलने वापरता येतील असे. म्हणजे झिंक हे नाव गेलं पण त्यातली सोपेपणाची मागणी मान्य झाली. ते लिनक्स 5.5 मध्ये आलं, डिसेंबर 2019 मध्ये नेटवर्किंगचा कोड सांभाळणाऱ्या डेव्हिड मिलरने ड्रायव्हर नेट-नेक्स्टमध्ये (पुढच्या आवृत्तीसाठी नेटवर्किंगचे बदल जमा होतात तिथे) घेतला आणि 29 मार्च 2020 ला लिनक्स 5.6 सोबत वायरगार्ड बाहेर पडलं. शिवाय या निमित्ताने आलेलं ब्लेक२एस हे हॅश फंक्शन 2022 मध्ये, 5.17 ला, कर्नलच्या रँडम नंबर जनरेटरने जुन्या एसएचए-१ हॅशच्या जागी वापरायला घेतलं. झिंक जसं होतं तसं मर्ज झालं असतं तर आज दोन क्रिप्टो सांभाळत बसलो असतो!

अजून एक गोष्ट जी मला फारच आवडते ती म्हणजे वायरगार्डची टेस्ट स्क्रिप्ट, ड्रायव्हरसोबत कर्नलमध्येच आहे, जरूर वाचा. ती तीन नेटवर्क नेमस्पेस (एकाच मशीनमधली वेगवेगळी, एकमेकांपासून अलग नेटवर्कं) बनवते, मधल्यात वायरगार्डचे दोन इंटरफेस जन्माला घालते आणि मग एक इकडच्या, एक तिकडच्या नेमस्पेसमध्ये हलवते. इंटरफेस हलतो पण त्याचं यूडीपी सॉकेट (पॅकेट बाहेर जायचं-यायचं तोंड) जिथे जन्मलं तिथेच राहतं, त्यामुळे बाजूच्या दोघांमध्ये एन्क्रिप्ट न झालेलं पॅकेट जायला रस्ताच नाही, पिंग पोचलं म्हणजे ते बोगद्यातूनच आलं. हे सगळं एका लॅपटॉपवर, दुसरं मशीन नको की राउटर नको. सॉफ्टवेअर ड्रायव्हर लिहिणाऱ्याचं हे मोठं भाग्य आहे, रिव्ह्यू करणारा स्वतः चालवून बघू शकतो, आणि म्हणूनच अशा सोबतच्या टेस्टशिवाय (सेल्फटेस्ट) असा ड्रायव्हर पाठवू नका असं मी सगळ्यांना आग्रहाने सांगतो.

बाकी नियम सगळे लिहिलेलेच आहेत, पाळायचे. चेकपॅच (पॅचची मांडणी तपासणारी स्क्रिप्ट) चालवा, साइन्ड-ऑफ-बाय ही पॅचखालची तुमच्या नावाची ओळ विसरू नका, फंक्शनच्या सुरुवातीला व्हेरिएबल लिहिताना लांब ओळ वर छोटी खाली हा नेटवर्किंगवाल्यांचा रिवाज आहे तो ठेवा, एका सिरीजमध्ये 15 च्या वर पॅच नकोत, नवीन व्हर्जन पाठवायच्या आधी किमान 24 तास थांबा म्हणजे बाकीच्यांना पण वाचायला वेळ मिळतो. आणि मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीचे बदल मुख्य कर्नलमध्ये घेतले जातात तो काळ) चालू असताना नेट-नेक्स्ट बंद असतं, तेव्हा पाठवायचंच असेल तर आरएफसी म्हणजे फक्त मतं मागवणारा पॅच म्हणून पाठवा, त्यावर पण लोक छान कमेंट देतात.