गाडीतली खडखड आणि आईचं कानाचं मशीन

आईला कानाचं मशीन बसवलं त्याला आता दोन वर्षं होतील. म्हातारपणी ऐकू येणं कमी होतं ते आधी वरच्या पट्टीतलं, त्यामुळं मशीन नेमके तेच बारीक, टोकदार आवाज वाढवून कानात सोडतं. घरात भांडं पडलं की ती दचकायची, पण त्याची हळूहळू सवय झाली. गाडीची मात्र होईना. साताऱ्याहून वाईला मावशीकडे निघालो की पोवई नाका मागं पडायच्या आत ती मशीन काढून डबीत ठेवायची. "तुझी गाडी लई खडखडती रे, कानात कुणी खिळे ओततंय असं वाटतं." मग पाचवड फाट्यापर्यंत आणि तिथून वाईपर्यंत आमच्यात एक शब्द नाही. आई शेजारी बसलेली असून तिच्याशी बोलता येत नाही, हे मला सहन होईना.

गाडी 2015 ची, छोटी, पेट्रोलवरची. इंजिन ठणठणीत. सर्व्हिसला दोनदा सांगून पाहिलं. पहिल्यांदा उत्तर मिळालं, "साहेब, प्लास्टिक आहे, एवढं चालायचंच." दुसऱ्यांदा दिवसभर ठेवून घेतली आणि संध्याकाळी डॅशबोर्डला पॉलिश मारून परत दिली. आवाज होता तिथंच. त्या दिवशी ठरवलं, आता हे आपणच करायचं.

सुरुवात गाडी रिकामी करण्यापासून केली. दारांच्या कप्प्यांतल्या बाटल्या, चष्म्याचं घर, सीटखाली गेलेली नाणी, डिकीतली छत्री, सगळं बाहेर. स्टेपनीशेजारचा जॅक त्याच्या खोबणीत नीट बसलेलाच नव्हता आणि पाना मोकळाच लोळत होता. दोन्ही जुन्या टॉवेलात गुंडाळून घट्ट बसवले. मग हवा तपासली. दाराच्या चौकटीवरच्या तक्त्यात 33 लिहिलेलं, टायरमध्ये 40 निघाली. एवढा टणक टायर रस्त्याचा प्रत्येक खडा जसाच्या तसा वर पाठवतो. हवा बरोबर केल्यावर अर्धा गोंगाट तिथंच कमी झाला, आणि उरलेले आवाज वेगवेगळे ऐकू येऊ लागले.

इथं आपली मराठी फार कामाला येते. मी एक वही केली आणि प्रत्येक आवाजाला त्याचं नाव दिलं. खडखड म्हणजे दोन वस्तूंमध्ये फट आहे आणि त्या एकमेकींवर आपटताहेत. कुरकुर म्हणजे दोन पृष्ठभाग दाबून बसलेत आणि अडकत-सुटत घासताहेत, सारंगीच्या तारेवर गज फिरावा तसे. झणझण म्हणजे एखादा पातळ भाग इंजिनच्या ठराविक फेऱ्यांना नाद धरतो. खडखडीला मऊ काहीतरी मधे घालावं लागतं, कुरकुरीला घर्षण कमी करावं लागतं, झणझणीला तो भाग कुठंतरी टेकवून दाबावा लागतो. नावापुढं वेग, गिअर, रस्ता आणि वेळ लिहीत गेलो. वेळ महत्त्वाची, कारण प्लास्टिक पत्र्यापेक्षा कितीतरी पट जास्त फुगतं आणि आकसतं. थंडीतल्या सकाळी आणि उन्हात तापल्यावर डॅशबोर्डच्या लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडू शकतो. सकाळी बोलणारा सांधा दुपारी गप्प का होतो, ते यावरून कळलं.

सामान फार लागलं नाही: कापडी फेल्ट टेप, फोमची पट्टी, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब आणि ट्रिम म्हणजे गाडीतली आतली आवरणं उचकटायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या. स्क्रू ड्रायव्हरनं कधी उचकटू नका, प्लास्टिकवर पडलेला ओरखडा जात नाही. डझनभर क्लिपाही आधीच आणून ठेवल्या, कारण जुन्या काढताना दोन-तीन तुटतातच.

मागच्या डाव्या दाराची खडखड शोधायला फोनवरून गाडीच्या स्पीकरवर जाड, एकसुरी आवाज लावला, 40 हर्ट्झपासून हळूहळू वर नेत. 70 च्या आसपास दार बोलायला लागलं. दाराच्या आतल्या पॅडवर तळहात दाबला तरी थांबेना, म्हणजे दोष आत. हँडलच्या मागं टोपीखाली एक स्क्रू, हात धरायच्या खोबणीत दुसरा. ते काढून पॅड खालच्या कडेनं ओढला, कट्‌कट्‌ करत क्लिपा सुटल्या, मग वर उचलून काचेच्या कडेतून बाहेर काढला. आत पाहिलं आणि वाईट वाटलं. मागं कधीतरी एका गॅरेजात काचेची मोटर बदलली होती. तेव्हा कुलपाच्या सळईला धरणारी प्लास्टिकची छोटी कडी परत लावलीच नव्हती, आणि सळई मोकळी होऊन पत्र्यावर आपटत होती. पत्र्यावर तिथं नखाएवढी चकचकीत खूण पडली होती, भोवतीचा रंग उडालेला. एवढीशी कडी, आणि चार वर्षं तो आवाज आम्ही ऐकतोय.

सळईला फेल्ट टेपचे दोन वेढे दिले, नवी कडी लावली. आतला प्लास्टिकचा कागदही एका बाजूनं सुटला होता. तो काळ्या चिकट गोंदावर परत दाबून बसवला. हे काम कंटाळा आला म्हणून सोडू नका. काचेवरून दारात उतरणारं पाणी त्या कागदामुळं आत न येता खालच्या भोकांतून बाहेर जातं. तो उघडा राहिला तर आमच्याकडच्या पावसात पायाखालची मॅट ओली झालीच म्हणून समजा.

डॅशबोर्डच्या झणझणीनं मात्र दोन रविवार खाल्ले. तिसऱ्या गिअरमध्ये 2000 फेऱ्यांच्या आसपास समोरून भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज. ग्लोव्ह बॉक्स उतरवला, त्याच्या कडांना फेल्ट लावलं. एसीच्या जाळ्या काढून बसवल्या. वायरींच्या जुड्यांना टेप गुंडाळला. पिवळ्या प्लगांना हात लावला नाही, ते एअरबॅगचे असतात. त्या भागात काम करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून काही मिनिटं थांबायचं, आणि एअरबॅगच्या झाकणापाशी किंवा छत तोलणाऱ्या खांबात पडद्यासारखी एअरबॅग असेल तर तिथं फोम कोंबायचा नाही, आवाज कितीही छळत असला तरी.

एवढं करूनही भुंगा तिथंच. शेवटी गाडी उभी करून मुलीला सीटवर बसवलं, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि तिला रेस 2000 वर धरून ठेवायला सांगितली. मी बाहेरून एकेक भाग दाबत गेलो. बॉनेटच्या मागं, वायपरखाली जी काळी जाळी असते, तिच्या डाव्या टोकावर बोट ठेवलं आणि आतून मुलगी ओरडली, "बाबा, थांबला!" आवाज गाडीच्या बाहेर होता. काचेवरून आत येऊन तो डॅशबोर्डचा वाटत होता. जाळीखाली फोमची वीतभर पट्टी घातली. कान दिशा सांगताना फसवतो, बोट फसवत नाही. दोन आठवडे उलटसुलट केल्यावर मी हे शिकलो.

स्पीडब्रेकरवरची कटकट आतली नव्हतीच. ओळखीच्या मिस्त्रीनं चाकाखाली जाऊन लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधली जोडदांडी, हातानं हलवून दाखवला, सांधा झिजलेला. दोन्ही बाजूंचे बदलले, तासाभराचं काम. तिरक्या खड्ड्यात गाडीला पीळ पडला की दारांतून येणारी कुरकुर दाराच्या कडेनं बसवलेल्या रबर बीडिंगची निघाली. रबर पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. तिथं साधं तेल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं.

तरीही आई म्हणाली, "माझ्या बाजूला काहीतरी हाय अजून." मला काही ऐकू येत नव्हतं. कॉलनीतल्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावरून गाडी अगदी सावकाश फिरवली. तिनं मशीन काढलं आणि डावा हात दारावर, मग सीटच्या कडेला, मग सीटबेल्टचा पट्टा वरून जिथून येतो त्या खांबावर ठेवला. तिसऱ्या फेरीला तिची बोटं पट्ट्याच्या वरच्या कडीपाशी थांबली. "हितं थरथरतंय बघ." मी हात लावून पाहिला. खांबाचं झाकण वरच्या क्लिपेत बसलंच नव्हतं आणि तिच्या कानापासून वीतभर अंतरावर टकटकत होतं. चाळीस वर्षं तिनं शिलाई मशीन चालवलं, सुई कुठं अडते ते तिला हाताला कळायचं. तोच हात. पट्ट्याच्या बोल्टला मी स्पर्श केला नाही, तो मिस्त्रीकडेही विनाकारण सोडू नये. फक्त झाकण काढून मागं फेल्ट लावलं, क्लिप बदलली आणि ठक्कन बसवलं.

लिंक रॉड सोडले तर सगळा खर्च नऊशेच्या आत झाला, वेळ मात्र पाच रविवार. डिसेंबर-जानेवारीत पहाटे निघालं की डॅशबोर्डचा मधला सांधा अजून दहा मिनिटं कुरकुरतो आणि गाडी तापली की थांबतो. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागेल, ते मी करणार नाही.

मागच्या महिन्यात वाईला गेलो तेव्हा आईनं डबी पर्समधून काढलीच नाही. लिंबखिंडीपासून ती मावशीच्या लग्नातली गोष्ट सांगत होती, पाऊस, अडकलेली वऱ्हाडाची एसटी आणि चिखलात गेलेली नवी चप्पल. पाचवड फाट्याला वळताना ती मधेच थांबली. "हे टिकटिक काय वाजतंय?"

"इंडिकेटर, आई."

"बरं," म्हणाली, आणि एसटी चिखलातून कशी निघाली ते सांगायला लागली.