मुठीने कोथिंबीर

कोथिंबिरीचे फायदे सांगणारे मेसेज भल्या पहाटेपासून फोनवर येऊन पडतात. डोळे, केस, कातडी, पित्त, काही म्हणून सुटत नाही. ते वाचून माणूस पोह्यांवर चार पानं भुरभुरवतो आणि निर्धास्त होतो. एवढ्याशा पानांत जीवनसत्त्व असून असून असणार किती?

जळगावकडच्या भरताला हा हिशोब लागू नाही. थंडी पडली की शेतात भरताच्या पार्ट्या झडतात. मोठाली हिरवी वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर भाजायची, सोलायची आणि बडगीत, म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात, घालून ठेचायची. या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच्याबरोबर खपणाऱ्या हिरवाईला कोण विचारतो! कांद्याची पात फोडणीत जाते, कोथिंबीर मात्र दोन हप्त्यांत. देठ मिरची-लसणाबरोबर कुटले जातात, कारण चव आणि वास देठातही भरपूर असतो. पानं भरीत खाली उतरवल्यावर, तीही मुठीने. कोथिंबिरीचा वास उडून जाणारा आणि सी जीवनसत्त्व उष्णतेने घटणारं, म्हणून आचेवर ती शिजवत बसण्यात हशील नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर असं भरीत दोनदा वाढून घेतलं, की पोटात गेलेल्या हिरव्याला निदान भाजी म्हणता येतं.

पंगतीत एखादा निघतोच, ज्याला कोथिंबीर साबणासारखी लागते. त्याची थट्टा करू नये. वासातल्या अल्डिहाइड नावाच्या द्रव्यांमुळे तसं होतं आणि काहींच्या बाबतीत ते जन्मजातच असतं. दुसरी गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाहीच: कोथिंबिरीत के जीवनसत्त्व भरपूर. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याने एरवी चार पानं आणि पार्टीत वाटीभर असा चढउतार करू नये, डॉक्टरांना विचारावं. फायद्यांच्या मेसेजात ही ओळ कधी दिसत नाही.

कढीपत्त्याची तर कीवच येते. फोडणीत तडतडून तेलाला वास देतो आणि ताटाच्या कडेला जाऊन बसतो. पानं खायचीच असतील तर कुरकुरीत करून शेंगदाण्याच्या चटणीत कुटावीत, मग कोणी वेचून काढत नाही. ओव्याला मात्र जाहिरात लागत नाही. उडदाची डाळ चापून खाल्ल्यावर चिमूटभर ओवा चावला की जिभेला जो चटका बसतो तो त्यातल्या थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आणि पोटाला बरं वाटतं हा घरोघरीचा अनुभव.

उरला पुदिना. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि कोथिंबीर वाफ्यातच फुलावर येऊन निबर होते. तेव्हा ताकात पुदिना. त्यातला मेंथॉल तोंडातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांना नुसता चेतवतो, अंगातली उष्णता काही तो काढत नाही. पण पुदिना, जिरं आणि मीठ घातलेल्या ताकाचा दुसरा पेला माणूस आपणहून मागतो, आणि त्या निमित्ताने पाणी आणि मीठ दोन्ही पोटात जातं. उन्हातून आलेल्याला ते हवंच असतं. पानं फक्त हाताने चुरडून घालावीत. मिक्सरला जास्त फिरवली की ताक कडवट होतं.