तीन तुकड्यांच्या रिममध्ये कंपनीचा टीपीएमएस सेन्सर: आधी व्हॉल्व्हचं भोक बघा

मल्टी-पीस, म्हणजे तुकडे जोडून केलेली, रिम घेताना लोक पीसीडी (नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) बघतात, ऑफसेट (रिम किती आत-बाहेर बसते) बघतात, सेंटर बोअर (मधलं भोक) आणि लिपची, म्हणजे बाहेरच्या कड्याची, खोली बघतात. व्हॉल्व्हच्या भोकाकडे बहुतेक वेळा लक्ष जात नाही. गाडीचा मूळ टीपीएमएस सेन्सर, म्हणजे चाकात बसून टायरमधली हवा मोजणारा सेन्सर, त्या रिममध्ये बसणार की नाही, हे मात्र त्या भोकावरच ठरतं. कंपनीचा सेन्सर एका ठराविक रिमसाठी बनवलेला असतो. त्या रिमच्या भिंतीची जाडी, भोकाचा उतार आणि आतल्या खोलगट भागाचा आकार धरूनच त्याच्या बॉडीचा कोन ठरतो. तीन तुकड्यांच्या रिमचा बॅरल, म्हणजे आतला नळकांड्यासारखा भाग, पत्रा फिरवून घडवलेला असतो आणि त्याचा छेद वेगळा असतो. त्यामुळे 'भोकात गेला म्हणजे बसला' हा हिशेब इथे चालत नाही.

पहिली खात्री करायची ती गाडीत सेन्सर मुळात आहेत का याची. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्या एबीएसच्या चाक-वेगावरून कमी हवेचा अंदाज घेतात. त्यांच्या रिममध्ये काहीच नसतं. टायर बदलल्यावर हवा नीट भरून मेनूतून सिस्टिम पुन्हा सेट केली की काम झालं. डॅशबोर्डवर चारही चाकांचे पीएसआय आकडे वेगवेगळे दिसत असतील, तर जवळजवळ नक्कीच प्रत्येक चाकात सेन्सर आहे. दुसरी गोष्ट फ्रीक्वेन्सीची. भारतात आणि युरोपात विकलेल्या गाड्यांचे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेतल्या आणि जपानमधल्या बऱ्याच गाड्यांचे ३१५ वर. जपानहून आलेल्या जुन्या रिममध्ये सेन्सर बसवलेलेच मिळाले म्हणून आनंद होतो, पण ते ३१५ चे असतील तर इथल्या गाडीला ते ऐकूच येत नाहीत.

आता रिमकडे. तीन तुकड्यांच्या रिममध्ये बाहेरची लिप, आतला बॅरल आणि मधलं सेंटर असतं, आणि ७-८ मिमीच्या बोल्टांच्या कड्याने ते एकत्र धरलेले असतात. लिप आणि बॅरल जिथे भेटतात तो सांधा टायरच्या आत, खोलगट भागात येतो, आणि तो सिलिकॉनने किंवा काही डिझाइनमध्ये ओ-रिंगने बंद केलेला असतो. व्हॉल्व्हचं भोक बहुधा लिपच्या उतारावर असतं, म्हणजे त्या सांध्याच्या अगदी शेजारी. कंपनीच्या एकसंध अलॉयमध्ये सेन्सरच्या पोटाखाली साफ धातू असतो, इथे सिलिकॉनची पट्टी असते. सगळी गुंतागुंत इथून सुरू होते.

भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका. आजच्या कारचे जवळजवळ सगळे सेन्सर ११.३ ते ११.५ मिमीच्या भोकासाठी असतात. जुन्या स्पोर्ट रिममध्ये ८.३ मिमीचं भोक सापडतं, कारण त्यात छोटा धातूचा व्हॉल्व्ह बसायचा. मग भिंतीची जाडी मोजा. रबरी स्नॅप-इन व्हॉल्व्ह साधारण ४ मिमीपर्यंतच्या भिंतीसाठी असतो. त्याहून जाड भिंतीत तो जोर लावून ओढला तर आत जातो, पण त्याची खाच नीट बसत नाही. उभ्या गाडीत हवा टिकते आणि वेगात हळूहळू गळते. म्हणून मल्टी-पीस रिममध्ये नटाने आवळायचा धातूचा क्लॅम्प-इन व्हॉल्व्हच मला योग्य वाटतो. जर्मनीत ताशी २१० किमीच्या वर धातूचे व्हॉल्व्ह वापरायचा प्रघात आहे, त्यामागचं कारणही केंद्रापसारी जोरच. बऱ्याच सेन्सरांची इलेक्ट्रॉनिक बॉडी टी-१० टॉर्क्स स्क्रूने व्हॉल्व्हला जोडलेली असते, आणि त्याच बॉडीला रबरी किंवा धातूचा दोन्ही व्हॉल्व्ह लागतो. तुमच्या सेन्सरला धातूचा जोड मिळतो का हे पार्ट नंबरवरून आधी विचारा. जाड भिंतीत आणखी एक तपासणी लागते: नट पूर्ण आवळल्यावर व्हॉल्व्हचे निदान एक-दोन आटे नटाबाहेर दिसायला हवेत. दिसत नसतील तर पकड अपुरी आहे.

सगळ्यात जास्त सेन्सर फुटतात ते कोनामुळे. टायर लावण्याआधी सेन्सर हाताने बसवा आणि रिमच्या दोन्ही बीड-सीटवर (टायरची कड, म्हणजे बीड, जिथे टेकते त्या जागांवर) आडवी सरळ पट्टी ठेवा. सेन्सरचा कुठलाही भाग त्या पट्टीला लागता कामा नये. मी निदान ३-४ मिमी मोकळी जागा मागतो, कारण टायर चढताना बीड त्या रेषेच्या खाली घुसतो. बॉडी वर उचललेली राहिली तर टायर चढवतानाच ती चिरडते. उलट बॉडी खाली टेकून दाबली गेली, तर नट आवळताना व्हॉल्व्हच्या मानेवर कायमचा ताण बसतो आणि काही महिन्यांनी मान तडकते. बॉडी आणि धातू यांच्यात एक-दोन मिमीची फट राहिली तर उत्तम. काही सेन्सरांचा कोन पक्का असतो, काहींचा आवळण्याआधी थोडा फिरवता येतो. मल्टी-पीस रिमसाठी कोन बदलणारा सेन्सर मिळत असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी तोच घ्या.

कोन चुकल्याचे परिणाम किती मोठे होतात ते एका हिशेबात दिसतं. टायरची बाहेरची त्रिज्या ३२ सेमी धरा, वेग ताशी १२० किमी. सेन्सर केंद्रापासून साधारण २१ सेमीवर असतो. तिथे त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २३० पट ओढ बसते. ३० ग्रॅमचा सेन्सर त्या वेगाला जवळपास ७ किलोच्या वजनासारखा बाहेर, टायरच्या दिशेने खेचला जातो. म्हणजे खालची रिम त्याला आधार देत नाही, सगळा भार व्हॉल्व्हच्या मानेवर येतो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. म्हणून व्हॉल्व्हवर लांब धातूचे एक्स्टेंशन किंवा काटकोनी नळी चढवू नका. खोल डिशमध्ये (लिप खोल असलेल्या रिममध्ये) हवा भरायला हात पोचत नाही ही अडचण खरी आहे, पण तिचं उत्तर लांब नळीचा चक, म्हणजे हवा भरायच्या पाइपचं तोंड, आहे.

सिलिकॉनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण टायरच्या दुकानात हा विषय सहसा निघत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं व्हिनेगरसारख्या वासाचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. तांबं, पितळ आणि सर्किटचे जोड त्याने गंजतात, आणि बंद टायरमध्ये ती वाफ बाहेर जायला जागा नसते. रिमच्या सांध्यासाठी न्यूट्रल क्युअर (सुकताना हे ॲसिड न सोडणारं) सिलिकॉन घ्या. हे सिलिकॉन हवेतली आर्द्रता शोषून बाहेरून आत घट्ट होतं, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात ते रत्नागिरीपेक्षा हळू सुकतं, ऊन कितीही असलं तरी. जाड पट्टीला २४ तासांहून जास्त वेळ द्या आणि त्यानंतरच सेन्सर बसवा. पट्टी बोटाने चापून पसरट ठेवा. व्हॉल्व्हच्या समोरच्या १०-१२ सेमीच्या भागात तर ती अजिबात उंच नको, नाहीतर सेन्सरची कड तिच्यावर घासत राहते आणि तिथूनच सांधा उघडतो. सिलिकॉनचा थेंब सेन्सरच्या बारीक छिद्रावर पडला, तर आतली हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि डॅशबोर्डवर भलताच किंवा न हलणारा आकडा दिसतो.

भोक ८.३ मिमीचं निघालं तर ते मोठं करता येतं, पण टायरच्या दुकानात उभ्याने ड्रिल मारून नाही. रिम सुटी करून, फक्त लिप पकडून, थोडं थोडं मोठं करत रीमरने (भोक गोल ठेवून मोठं करणाऱ्या हत्याराने) ११.५ पर्यंत न्यावं. दोन्ही कडांची धार अर्ध्या मिमीने मोडावी, आणि आतली रबरी सील बसते तिथली जागा सपाट करावी. ओबडधोबड राहिलेली कड म्हणजे तडा सुरू व्हायची जागा. वेल्ड केलेल्या दोन तुकड्यांच्या रिममध्ये भोक वेल्डच्या जवळ असेल तर त्याला हात लावू नका. पावडर कोट केलेल्या लिपवर सीलच्या जागी रंगाचा थर नको. आवळल्यावर तो दबतो, नट सैल पडतो आणि गळती सुरू होते. नवीन लिप किंवा बॅरल मागवत असाल तर ही सगळी कसरत वाचते. ऑर्डर देतानाच सेन्सरचा पार्ट नंबर कळवा आणि भोक, उतार व सपाट सीट त्याप्रमाणे करून मागा. माझ्या मते मल्टी-पीस रिमवर टीपीएमएस टिकवण्याची हीच खरी वेळ आहे, नंतर सगळी डागडुजी. आतल्या बॅरलमध्ये लपवलेला व्हॉल्व्ह दिसायला छान असतो, पण मोठ्या ब्रेक कॅलिपरपासून त्याची मोकळी जागा मोजल्याशिवाय तो मागू नका.

प्रत्यक्ष बसवताना सर्व्हिस किट नवीन हवं: रबरी सील, वॉशर, नट, व्हॉल्व्ह कोअर (व्हॉल्व्हच्या आतली बारीक झडप), टोपी. दबलेली जुनी सील दुसऱ्या रिमच्या भिंतीवर तशीच बसत नाही. आत ग्रीस नको, साबणाचं पाणी पुरे. बॉडी हाताने जागेवर धरून नट टॉर्क रेंचने आवळा. टोयोटाच्या अनेक सेन्सरांना फक्त ४ न्यूटन-मीटर लागतात, काही कंपन्यांच्या सेन्सरांना जवळपास दुप्पट, म्हणून तुमच्या सेन्सरचाच आकडा शोधा. एअर गनने नट मारला की ॲल्युमिनियमची मान गेली. कोअर निकेल-प्लेटेड घ्या. साधा पितळी कोअर ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये गंजून चिकटतो, आणि मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत फारच लवकर. टोपी प्लॅस्टिकची, शोभेची धातूची नाही.

टायर चढवण्याआधी प्रत्येक सेन्सरवर छापलेल्या आयडीचा फोटो काढा, कुठला कुठल्या चाकात गेला ते लिहा, आणि टीपीएमएस टूलने चारही जागे करून बघा. बॅटरी सीलबंद असते आणि साधारण ५ ते १० वर्षं चालते. सात वर्षं झालेला सेन्सर या रिममध्ये पुन्हा घालू नये, कारण तो बदलायला पुन्हा टायर उतरवावा लागेल आणि लिपवर ओरखड्याचा धोका पुन्हा येईल. मशिनवर एकच नियम पाळायचा: बीड ज्या ठिकाणी सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात ताणून रिमवर चढतो, ती जागा सेन्सरवरून जाऊ द्यायची नाही. आणि ताणाच्या विरुद्ध बाजूला बीड खोलगट भागात दाबतात, तिथेही सेन्सर नको. बीड ब्रेकर (टायरची कड रिमपासून सोडवणारा मशिनचा भाग) व्हॉल्व्हपासून लांब लावा. हे कारागिराला आधी सांगा, काम सुरू झाल्यावर उपयोग नाही.

हवा भरल्यावर चाक पाण्याच्या टाकीत पूर्ण बुडवा. व्हॉल्व्हच्या मुळाशी बुडबुडे आले तर सील किंवा टॉर्क. बोल्टच्या डोक्याशी आले तर सांधा गळतोय, आणि खरी फट त्याच बोल्टाखाली असेल असं नाही: हवा दोन तुकड्यांच्या मधून वाट काढत भलत्याच बोल्टाशी बाहेर येते. अशा वेळी सेन्सरला दोष देऊन नट आणखी आवळला जातो आणि चांगला व्हॉल्व्ह तुटतो. व्हॉल्व्हच गळत असेल तरी नट पुन्हा आवळण्याऐवजी नवीन सील घाला. बॅलन्सिंगला सेन्सर आणि धातूच्या व्हॉल्व्हचं वजन धरून समोर चिकटवायची वजनं लागतील. ती आतल्या बॅरलवर लावा, बोल्टांवर नाही.

नोंदणी गाडीप्रमाणे बदलते. बऱ्याच टोयोटांमध्ये नवे आयडी ओबीडीतून (गाडीच्या तपासणी-सॉकेटमधून) लिहावे लागतात. बीएमडब्ल्यू मेनूतून रीसेट केल्यावर काही मिनिटं चालवलं की स्वतः ओळखते. अमेरिकी फोर्डमध्ये टूलने पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं उजवं, मागचं डावं या क्रमाने शिकवतात. मूळचेच सेन्सर त्याच चाकाच्या जागी हलवले असतील तर बहुधा काहीच करावं लागत नाही. टायरचा साइज बदलला असेल तर मात्र हवेचा आकडा नव्याने ठरवा. अमेरिकी नियमानुसार दिवा शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाल्यावर लागतो, म्हणजे ३२ पीएसआयच्या गाडीत २४ ला. नव्या लो-प्रोफाइल टायरला ३६ लागत असतील तर २४ म्हणजे तिसरा हिस्सा हवा गेलेली, आणि रिमची कड तोवर खड्ड्यात आपटलेली असते. आपल्या गाडीत मर्यादा बदलता येत नसेल तर दिव्यावर विसंबू नका, आकडे वाचा.

भोक कुठल्याच उपायाने जमत नसेल तर स्टीलच्या पट्ट्याने सेन्सर खोलगट भागात बांधायची पद्धत आहे. २०१० च्या आधीच्या अनेक फोर्ड गाड्यांत सेन्सर असेच, व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला बांधलेले असत. मल्टी-पीस रिममध्ये पट्टा सांध्यावरून नेऊ नका, आतल्या बॅरलच्या एकसंध भागावर तेवढी रुंदी असेल तरच हा मार्ग घ्या.

शेवटी स्टेपनी. १ ऑक्टोबर २०२० पासून भारतात टीपीएमएस आणि पंक्चर किट असलेल्या कारला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. अशा गाडीत सेन्सर काढून टाकून दिवा झाकणं हा पर्याय मला मान्य नाही. किटमधला सीलंट वापरावा लागलाच, तर टायर उघडून सेन्सरचं छिद्र आणि सिलिकॉनचा सांधा दोन्ही पाण्याने धुऊन कोरडे करा. सीलंट वाळला की दोन्ही खरवडून काढावे लागतात.