शनिवारवाडा पाहताना: जोती, तळखडे आणि वाड्याचे नंतरचे दिवस

पुण्यातल्या पेशव्यांच्या शनिवारवाड्यात दिल्ली दरवाजातून आत आलेले बरेच लोक चौफेर नजर टाकतात, ‘आत तर काहीच नाही’ म्हणतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर पडतात. वाड्याच्या इमारतींचे लाकूड जळाले, दगड उरला. त्यामुळे हा वाडा खाली बघत बघत पाहावा लागतो. त्यासाठी दीड-दोन तास राखून ठेवावेत.

दार उघडल्याउघडल्या आत जाणे सर्वांत चांगले. आत सावली फारशी नाही, आणि दुपारी तापलेल्या फरसबंदीवर कुणालाच धीर राहत नाही. त्याशिवाय सकाळच्या तिरप्या उन्हात जोत्यांच्या, म्हणजे इमारतींच्या दगडी चौथऱ्यांच्या, कडा आणि दगडावरचे टाकीचे घाव स्पष्ट दिसतात. रविवार टाळावा. गाडी आणू नये. कसबा पेठेच्या मेट्रो स्थानकावरून पायी येता येते.

तिकीट काढले की लगेच आत घुसू नका. दाराच्या एकेका फळीवर ७२ टोकदार खिळे आहेत. हत्तीने डोके लावून दार फोडू नये म्हणून ते साधारण हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर ठोकले आहेत. रोजच्या ये-जा करण्यासाठी फळीत दिंडी, म्हणजे छोटे दार, आहे. दारातून आत गेलात की वाट सरळ जात नाही, आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळते. दार फुटलेच तरी शत्रूला वेगाने आत धावता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. आतल्या भिंतींवर जुन्या चित्रांचे फिकट अवशेष आहेत. उन्हातून आल्यावर ते लगेच दिसत नाहीत, डोळे सरावेपर्यंत थांबावे.

पायाभरणी १० जानेवारी १७३० ला झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला. दोन्ही दिवस शनिवार. खर्च आला १६,११० रुपये. दगड चिंचवडच्या खाणींतला, साग जुन्नरच्या जंगलातला, चुना जेजुरीकडचा. दगडी वाडा बांधण्याचा मान छत्रपतींचा, अशी हरकत साताऱ्याहून आल्यामुळे वरचे काम विटांचे झाले, असे सांगतात. कारण काहीही असो, खाली घडीव काळा पाषाण आणि वर वीट ही जोडणी तटाच्या भिंतीत आजही स्पष्ट दिसते. तटाचे नऊ बुरूज आणि पाच दरवाजे नानासाहेब पेशव्यांच्या काळात पुरे झाले.

आता जोत्यांकडे. चौथऱ्यावर ओळीने बसवलेले चौकोनी दगड दिसतील, ते तळखडे. लाकडी खांब यांच्यावर उभे असत. लाकूड थेट जमिनीत गाडले तर ओल धरते आणि बुडाशी कुजते, म्हणून खाली दगड. दोन तळखड्यांमधले अंतर पावलांनी मोजा, म्हणजे दालनाची रुंदी आणि सोपा (ओसरी) किती खोल होता ते हळूहळू ध्यानात येते. जोत्यांच्या पातळ्या जुळत नाहीत, त्याचे कारण एकाच वाड्यावर अनेक पिढ्यांनी भर घातली, पाडले आणि पुन्हा बांधले.

हजारी कारंजे कमळाच्या आकाराचे आहे. नानासाहेबांनी कात्रजहून शहरात पाणी आणले. ते उतारावरून वाहत येई, आणि त्याच दाबावर कारंजी उडत. एरवी लोक इथे फोटो काढून पुढे जातात. पाण्याच्या वाटा शोधत हौदाभोवती एक फेरी जरूर मारावी.

वाड्याचा पुढचा काळ पाट्यांवर फार थोडक्यात आटोपलेला आहे. १७ नोव्हेंबर १८१७ ला इथे इंग्रजांचे निशाण चढले. पहिले कलेक्टर रॉबर्टसन काही काळ इथेच राहिले. नंतर तळमजल्यावर तुरुंग आला, वरच्या मजल्यांवर दवाखाना आणि वेड्यांचे इस्पितळ. जिथे दरबार भरला तिथे कैदी आणि रुग्ण राहिले, हे ध्यानात ठेवूनच त्या जोत्यांवरून चालावे. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेली आग सात दिवस धुमसत होती. सागाचे खांब, तुळया, तक्तपोशी (लाकडी छत). आगीला अडवणारे मध्ये काहीच नव्हते. पुढे आवारात पोलिसांची घरे उभी राहिली. समोरच्या पटांगणात भाजीबाजार भरे, तो १८८६ मध्ये मंडईच्या इमारतीत गेला. १९१९ मध्ये वाडा संरक्षित झाला, खोदकाम झाले आणि मातीखालची जोती वर आली. म्हणजे आजची हिरवळ पेशवेकाळाची नव्हे. तिच्यावरून जुन्या बागेचा अंदाज बांधू नये.

दक्षिणेकडच्या नारायण दरवाजापाशी नारायणराव पेशव्यांच्या ३० ऑगस्ट १७७३ च्या खुनाच्या आणि भुताच्या गोष्टी ऐकायला मिळतील. त्यांत वेळ घालवण्यापेक्षा तटावर जाऊ देत असतील तर वर चढा, कारण चौकांची सगळी मांडणी फक्त तिथून एका नजरेत येते. पायऱ्या उंच आहेत. पावसाळ्यात शेवाळ धरते, तेव्हा चपलेऐवजी पकड असलेले बूट घालावेत आणि मुलांचा हात सोडू नये. जोत्यांवरून उड्या मारू देऊ नयेत. सांध्यातला चुना ढिला होतो आणि दगड सुटतो.

जळालेल्या लाकडाची कल्पना यायची असेल तर त्याच दिवशी विश्रामबागवाडा पाहावा, साधारण एक किलोमीटरवर आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्यातही पुढे संस्कृत पाठशाळा आणि नगरपालिकेची कचेरी होती. त्याचे सागवानी सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब अजून उभे आहेत. मात्र क्रम उलटा करू नये: आधी तळखडे, मग खांब.