जुआंवचं कडवं

जून २०२३. ब्राझीलची गायिका आस्त्रुद जिल्बेर्तो गेल्याची बातमी आली आणि संध्याकाळच्या कार्यक्रमात ‘द गर्ल फ्रॉम इपानेमा’ लावायचं ठरलं. रेडिओवर ध्वनिसंपादन हे माझं काम. स्लॉट सव्वाचार मिनिटांचा, अल्बममधलं गाणं पाचच्या वर. कापणं आलंच.

गाण्यात आधी तिचा तेव्हाचा नवरा, गिटारवादक-गायक जुआंव, पोर्तुगीजमध्ये गातो, मग ती इंग्रजीत. त्याचा ४० बारचा (तालाच्या ४० मापांचा) अख्खा फेरा काढून टाकला की गाणं आपोआप बसतं. पण जुआंवच्या गिटारवर कट लपवणं सोपं नाही. अंगठा खर्जात संथ चालतो, बोटं मात्र ठोक्याच्या अलीकडे-पलीकडे पडतात. कट अंगठ्याच्या सुरावर, तिच्या श्वासाच्या आधी घ्यायचा. तिच्या आवाजात कंप जवळपास नाहीच, त्यामुळे श्वास चिरला तर लगेच उघडं पडतं. पडद्यावर आवाजाची लाट बघून कट मारणाऱ्या आमच्या नव्या पोरांना हे ऐकूच येत नाही.

कट जमला, आणि लक्षात आलं की १९६४ च्या सिंगलसाठी, म्हणजे या गाण्याच्या स्वतंत्र छोट्या रेकॉर्डसाठी, निर्माता क्रीड टेलरने जुआंवचं हेच कडवं काढलं होतं. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला ध्वनिमुद्रण झालं. अल्बमच्या मुखपृष्ठावर सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ, जुआंव आणि संगीतकार जोबिम यांची नावं, तिचं नाही. सिंगलने मात्र तिला जगभर नेलं. १९६५ मध्ये ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी गेट्झसोबत तिच्या नावावर लागलं.

आमच्या निवेदनात लिहिलं होतं, ‘एक साधी गृहिणी रातोरात तारका झाली.’ ते वाचून माझं डोकंच फिरलं. १९६० मध्ये रिओतल्या आर्किटेक्चर फॅकल्टीतल्या मैफलीत ती जुआंवबरोबर गायली होती. तिला इंग्रजी येत होतं, म्हणून तर इंग्रजी शब्द तिच्याकडे आले. बाईला कुणीतरी ‘शोधलं’ म्हटल्याशिवाय आमच्या लोकांचं निवेदन पुरं होत नाही. मी ओळ खोडली. निवेदक रुसला.

मग हट्टाने निवेदनच कापलं, पुढची जाहिरात सरकवली आणि पूर्ण गाणं लावलं. वरिष्ठ चिडले. चूक केली असं मला वाटत नाही. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही: जुआंवचं कडवं तेव्हा कापलं गेलं नसतं, तर तिचं नाव आमच्यापर्यंत पोचलं असतं का?