कच्चा वास जाईपर्यंत

मी स्वयंपाकाचे वर्ग घेते. येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच: 'मॅडम, कृती तुमचीच, पण तुमच्यासारखी चव येत नाही.' यावर मी वर्गात बसून उत्तर देत नाही, त्यांच्या ओट्यापाशी जाऊन बघते. 'कांदा चांगला लाल केला' म्हणणाऱ्याचा कांदा जेमतेम पारदर्शक झालेला असतो. 'मसाला ताजाच आहे' म्हणणाऱ्याची बरणी शेगडीवरच्या फळीवर, वाफेत आणि उष्णतेत, कधीपासून उभी असते ते त्यांनाही आठवत नाही.

वर्गाला येणाऱ्या एका बाईंच्या घरी गेले, तिथे असलं काही नव्हतं. ओट्यावर वजनकाटा, टायमर, कृतीची वही, कापून वाट्यांमध्ये मांडून ठेवलेलं साहित्य. वर्गातल्या निम्म्या लोकांना मी हे शिकवून थकले आहे. आणि तरी त्यांचा रस्सा म्हणजे गरम पाण्यात तिखट-मीठ कालवलेलं. मी म्हटलं, "नेहमीसारखा करा, मी मध्ये बोलणार नाही," आणि स्टूल ओढून बसले.

पाचव्या मिनिटाला टायमर वाजला आणि त्यांनी पांढऱ्या कांद्यावर टोमॅटो ओतला.

आता यात त्यांचा काय दोष? वहीत तसंच लिहिलं होतं. कांदा पाच मिनिटांत लाल होतो, असं छापणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून तो परतून दाखवावा. कांद्यात वजनाच्या जवळजवळ नव्वद टक्के पाणी. ते उडेपर्यंत कढईतलं तापमान शंभर अंशांच्या आसपासच घुटमळतं, आणि ज्या क्रियेतून तो तपकिरी रंग आणि खमंगपणा येतो ती जोर धरते साधारण १४० अंशांच्या पुढे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार यांनी १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार कांदे नीट लाल व्हायला पंचवीस मिनिटं लागतात, कढई लहान असेल तर आणखी. व्हिडिओवाले मधला भाग कापून टाकतात आणि बघणाऱ्याला वाटतं, आपलाच हात वाईट.

पुन्हा कांदा चिरला. सुरुवातीलाच चिमूटभर मीठ, म्हणजे पाणी लवकर सुटतं. टायमर मी उचलून खिडकीत ठेवला. "आता आलं-लसूण घाला, आणि कच्चा वास गेला की सांगा."

त्या ढवळत राहिल्या. बराच वेळ. लसूण कडेने काळपट व्हायला लागला तेव्हा मी हात पुढे करून गॅस बंद केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला तो कळत नाही. एका तापानंतर वासच येईनासा झाला. म्हणून तर टायमर लावते."

वर्गात कधी बोलल्या नव्हत्या. तिथे 'बघा कसा घमघमाट सुटलाय' म्हटलं की बाकीच्यांबरोबर त्याही मान डोलवायच्या.

मग लक्षात आलं की माझ्या शिकवण्यातली प्रत्येक महत्त्वाची पायरी नाकावर टेकलेली आहे. कच्चा वास जाईपर्यंत, जिरं फुलून वास सुटेपर्यंत, मसाल्याचा खमंग वास येईपर्यंत. पुस्तकांतही हेच. वास न कळणाऱ्या माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून दाराबाहेर उभं केलंय.

तिसरा घाणा आम्ही कान, डोळे आणि कालथा यांवर केला. कांद्यात पाणी असतं तोवर कढईतून ओला, सलग सर्रऽऽ आवाज येतो. पाणी संपत आलं की तो बसतो आणि तुटक चुरचुर ऐकू येते. कांदा कालथ्याला जड लागायचा, तो हलका होतो, गोळा होऊन सरकतो. आलं-लसणाचं वाटण आधी फसफसतं, मग बुडबुडे बारीक होतात आणि ते तळाला धरायला लागतं. तिथेच थांबायचं. पूड मसाले घालताना आच मंद आणि लगेच दोन चमचे पाणी, कारण गरम तेलात हळद-तिखट काही सेकंदांत करपतं. मसाल्यांतले सुगंधी पदार्थ तेलात चांगले विरघळतात, पाण्यात फारसे नाहीत, त्यामुळे तेलात परतण्याची ही दोन मिनिटं टाळली की नंतर कितीही उकळा, मसाला पाण्यावर तरंगल्यासारखाच राहतो. टोमॅटो घातल्यावर खूण तेलाची: पाणी उडून गेलं की मसाल्याच्या कडेने तेल सुटतं आणि कालथा ओढला की मागे तळ दिसत राहतो. मग पाणी घालायचं ते उकळतं. गारढोण पाणी ओतून चढलेला मसाला झोपवू नये.

करपणं त्यांना जिभेने कळतं, कडू लागतं. कांदा झाला की नाही तेही कळतं, गोडीवरून. मीठ, आंबट, तिखटाचा चटका हे सगळं शाबूत. चटका तर मुळात चवीचा प्रकारच नाही, तो दुखण्याच्या नसा पोचवतात. शेवटी मीठ आणि लिंबू त्यांनी स्वतः ठरवलं आणि इतकं नेमकं ठरवलं की मला चमचाभर काही घालावंसं वाटलं नाही. वास घेणाऱ्यांना वासच फसवतो: रस्सा घमघमतो म्हणून आपण मीठ पुरेसं धरून चालतो आणि ताटात वाढल्यावर तो अळणी निघतो.

घरातल्यांनी त्या रात्री रस्सा परत मागून घेतला, असं त्यांनी फोनवर सांगितलं. तेव्हापासून वर्गात मी प्रत्येक पायरी आवाजाने आणि दिसण्यानेही सांगते. गंमत म्हणजे त्याचा फायदा नाक ठणठणीत असलेल्यांनाच जास्त झाला.

मसाला शिळा झाल्याचं त्यांना कसं कळणार, यावर तोडगा निघाला: अख्खे मसाले घ्यायचे, थोडेच कुटायचे, बरणीवर तारीख लिहायची. गरम मसाल्याचं मात्र अडलंय. निघताना मी सवयीने म्हटलं, "गॅस बंद करताना वरून अर्धा चमचा भुरभुरायचा." त्यांनी विचारलं, "तो नेमकं काय करतो?" शेवटी घातलेला गरम मसाला जवळपास सगळा वासासाठीच असतो. मी तसं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग जास्त झाला तर मला कळणार कसं?"

अजून उत्तर दिलेलं नाही. मोजून घाला, एवढंच म्हणता येतं, आणि त्यांना वजनकाट्यावरून उठवायला तर मी गेले होते.